आधी मीटर, मग उपदेश

दर १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो आणि महाविद्यालयांत ठरलेले कार्यक्रम होतात: पोस्टर स्पर्धा, रांगोळी, फेरी, एखादं व्याख्यान. वसतिगृहाच्या जिन्यात 'वीज वाचवा'चा नवा फलक लागतो. फोटो नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, सातव्या निकषाच्या फाइलीत जातात. जानेवारीचं लाइट बिल मात्र डिसेंबरसारखंच येतं आणि मग निष्कर्ष ठरलेला: मुलांना कदर नाही, फुकट मिळतं म्हणून उधळतात.

हा निष्कर्ष सोयीचा आहे, कारण त्यात संस्थेला काहीच करावं लागत नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला बिल दिसत नाही. त्याच्या मजल्यावर किती वीज लागते हे त्यालाच काय, गृहपालालाही सांगता येत नाही. वाचलेल्या युनिटमधला एक पैसाही वसतिगृहाकडे वळत नाही. आणि सर्वांत जास्त वीज खाणारी यंत्रं विद्यार्थ्याच्या हातात नसतात, ती गच्चीवर असतात. यांतली एकही गोष्ट फलकाने बदलत नाही. त्यामुळे आवाहन करायचंच असेल तर ते शेवटी करावं. मोजमाप, दुरुस्ती आणि बचतीतला वाटा या तीन गोष्टी आधी व्हाव्यात.

फलकांवर जे लिहिलेलं असतं तेही तपासून पाहण्यासारखं आहे. 'चार्जर सॉकेटमधून काढा' हे सर्वांत आवडतं वाक्य. फोन न जोडलेला आजचा साधा चार्जर ०.१ वॉटच्या आसपास वीज घेतो. म्हणजे वर्षभर लावून ठेवला तरी एक युनिटसुद्धा होत नाही. जुना सीलिंग फॅन ७५ वॉटचा. मुलं कॉलेजात असताना तो सहा तास रिकाम्या खोलीत फिरला की ०.४५ युनिट गेलं. दोन दिवस फॅन चालू राहिला, तर वर्षभराच्या चार्जरची भरपाई झाली. दुसरं आवडतं काम म्हणजे किटली जप्त करणं. दोन कप चहाचं, म्हणजे ३०० मिलिलिटर पाणी उकळायला ०.०३ युनिट लागतं. अंघोळीची १५ लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला ०.३५ युनिट. एका बादलीत दहा-बारा वेळा चहा होतो! किटलीवर बंदी सुरक्षिततेसाठी घालता येईल, तो मुद्दा पुढे येईलच. पण तिला ऊर्जाबचत म्हणणं चूक आहे. विद्यार्थ्यांना हे हिशेब येतात, निदान विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तरी येतात. क्षुल्लक गोष्टीवर दंड आणि मोठ्या गळतीकडे काणाडोळा दिसला की ते पूर्ण मोहिमेलाच हसतात, आणि त्यांचं हसणं बरोबर असतं.

मोठी गळती गरम पाण्यात आहे. दोनशे विद्यार्थ्यांचं वसतिगृह धरू. रोज एक बादली म्हटलं तरी सगळं पाणी विजेवर तापवायला दिवसाला ७० युनिट लागतील. नाशिकच्या थंडीत नळाचं पाणी १५ अंशांवर आलं की हाच आकडा नव्वदीच्या पुढे जातो. म्हणून बहुतेक ठिकाणी गच्चीवर सौर पाणीतापक बसवलेला असतो. गणित सोपं आहे: ६० अंशांचं ८ लिटर पाणी ७ लिटर थंड पाण्यात मिसळलं की एक बादली तयार. दोनशे जणांना १,६०० लिटर, म्हणजे दिवसाला २,००० लिटरची यंत्रणा पुरते. तरी सकाळी 'सोलरचं पाणी येत नाही' ही ओरड असतेच, आणि तिची कारणं बहुधा त्याच दोन-तीन जागी सापडतात.

पहिलं कारण पाइपाच्या लांबीचं. आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत पाइप ४० मीटर असेल, तर त्यात २० लिटर पाणी रात्रभर थंड होत पडलेलं असतं. साडेपाचला उठणाऱ्या मुलाच्या बादलीत हेच पाणी येतं. तो ते ओतून देतो किंवा थंड पाण्याने अंघोळ करून मनातल्या मनात वॉर्डनचा उद्धार करतो. असे आठ उभे पाइप असतील तर रोज सकाळी १६० लिटर पाणी गटारात. उपाय जुना आणि माहितीतला आहे: पाइपाच्या शेवटच्या टोकापासून टाकीकडे परत जाणारी बारीक लाइन, तिच्यावर एक छोटा पंप, त्याला पहाटे पाच ते आठचा टायमर, आणि परतीचं पाणी ४० अंशांना पोचलं की पंप थांबवणारा थर्मोस्टॅट. सोबत पाइपांना वेष्टण. काळं फोम उघडं ठेवलं तर उन्हाने दोन-तीन वर्षांत भुगा होतो, म्हणून वरून अॅल्युमिनियमचा पत्रा हवा. कंत्राटदार पैसे वाचवतो ते नेमके या पत्र्यात.

दुसरं कारण जास्त महाग आणि अजिबात न दिसणारं आहे. ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेचा हीटर असतो, समजा ९ किलोवॅटचा. त्याला फक्त थर्मोस्टॅट जोडलेला असतो, तोही ६० अंशांवर लावलेला. सकाळी साडेआठला अंघोळी संपतात, टाकीत थंड पाणी भरतं, थर्मोस्टॅटला वाटतं पाणी तापवायला हवं, आणि हीटर सुरू होतो. बाहेर ऊन वाढत असतं आणि आत वीज तेच काम करत असते. दुपारी उन्हाचा जोर असतो तेव्हा टाकीतलं पाणी आधीच तापलेलं असतं. २,००० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेण्यात ८० युनिटच्या वर जातात. त्यातला अर्धा भार जरी हीटरने उचलला तरी सौर यंत्रणा निम्मी नावालाच राहते. या हीटरला टायमर लावून फक्त पहाटे साडेतीन ते सहा एवढीच मुभा द्यावी आणि थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणावा. आदल्या दिवशी ऊन पडलं असेल तर हीटर लागणारच नाही. ढग असतील तर अडीच तासांत टाकी सुमारे दहा अंशांनी वर येते, अंघोळीला तेवढं पुरतं. कोमट पाण्यात जंतू वाढतात, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांपर्यंत न्यावी. टायमरचा खर्च मेसच्या एका दिवसाच्या भाजीपेक्षाही कमी असेल.

बाकीचे दोष किरकोळ वाटतात, पण यंत्रणा निकामी करतात. बोअरवेलच्या जड पाण्याने आत क्षार बसतात आणि वर्षातून एकदा ते काढावे लागतात. थंड पाण्याच्या जोडणीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकला की गरम पाणी उलटं थंड लाइनीत शिरतं. संडासाच्या नळाला कोमट पाणी येतंय अशी तक्रार आली तर आधी हा व्हॉल्व्ह उघडून पाहावा. सौर तापकाच्या काचेच्या नळ्यांवर धूळ साचते. पाच वर्षांपूर्वी नसलेली पाण्याची टाकी आता शेजारी उभी असते आणि तिची सावली दुपारी दोननंतर नळ्यांवर येते.

आता विद्यार्थी काय करतो ते पाहा. दोन-चार वेळा थंड पाणी आलं की तो बाजारातून पाण्यात सोडायचा १,५०० वॉटचा रॉड आणतो आणि खोलीतच बादली तापवतो. खोलीतलं सॉकेट ६ अँपिअरचं, रॉड साडेसहा अँपिअर घेणारा. एकाच सर्किटवर तीन खोल्यांत तीन रॉड लागले की २० अँपिअर होतात आणि एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडतो. तो रोज पडायला लागला की वायरमन कंटाळून १६ ऐवजी ३२ अँपिअरचा बसवतो. आता एमसीबी पडत नाही, भिंतीतली दीड चौरस मिलिमीटरची वायर तापते. ओल्या हाताने रॉडला स्पर्श होण्याचा धोका वेगळाच. म्हणजे गच्चीवर न बसवलेल्या टायमरची आणि परतीच्या लाइनीची किंमत खोल्यांतून वसूल होते, आणि दंड भरतो विद्यार्थी. किटली आणि इंडक्शनचंही असंच आहे. रात्री अकराला भूक लागणारच. प्रत्येक मजल्यावर १६ अँपिअरचे चार सॉकेट, स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर, गळती ओळखणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आणि कडप्प्याचा ओटा दिला, तर खोलीतली बंदी अमलात आणण्याचा नैतिक अधिकार तरी मिळतो.

फॅनकडे वळू. महाराष्ट्रातल्या बिनएसी वसतिगृहात खोल्यांमधली सर्वाधिक वीज फॅनलाच जाते. दिवसाला १४ तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तर ७५ वॉटचा फॅन २३१ युनिट खातो. ब्रशलेस मोटरचा, म्हणजे बीएलडीसी फॅन पूर्ण वेगाला ३० वॉटच्या आसपास घेतो: ९२ युनिट. शंभर खोल्यांत एकेक फॅन बदलला तर वर्षाला जवळपास १४,००० युनिट वाचतात. गच्चीवर १० किलोवॅटची सौर पॅनेलं लावली तर वर्षाला साधारण एवढीच वीज मिळते, आणि त्यांना शंभर चौरस मीटर मोकळी गच्ची लागते. पॅनेलं फोटोत छान दिसतात, फॅन दिसत नाही, हाच काय तो फॅनचा दोष.

हे काम करताना घोटाळे होतात तेही ठरावीक आहेत. बीएलडीसी फॅन भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरमधून जोडला की त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडतं. रेग्युलेटर काढून सरळ जोडणी करायला हवी. रिमोट तीन महिन्यांत हरवतो, म्हणून वसतिगृहासाठी स्विच बंद-चालू करून वेग बदलणारी किंवा स्वतःचा भिंतीवरचा कंट्रोल असणारी मॉडेलं घ्यावीत. व्होल्टेज चढ-उतारात कार्डं जातात. शंभर फॅनमागे पाच कार्डं स्टोअरमध्ये ठेवावीत आणि खरेदीच्या वेळीच त्यांचा दर ठरवून घ्यावा. पैसे नसतील तर निदान जळालेले फॅन पुन्हा पुन्हा वाइंडिंग करून लावणं थांबवावं, आणि हळू फिरणाऱ्या फॅनचे अडीच मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बदलावेत. कमकुवत कपॅसिटरचा फॅन पाचावर ठेवला तरी वारा देत नाही आणि मग मुलं तो बंदच करत नाहीत.

फॅन का चालू राहतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत खोलीत दोरी बांधलेली असते आणि ओल्या कपड्यांवर फॅन पूर्ण वेगाने सोडलेला असतो. कोकणात आणि कोल्हापूर-सातारा पट्ट्यात तर दिवसभर. गच्चीवर पारदर्शक पत्र्याचं छप्पर आणि तारा लावून दिल्या तर हा फॅन आपोआप बंद होतो. दुसरं कारण डास. डिसेंबरच्या थंडीत रजई पांघरून मुलं फॅन पाचावर ठेवतात ते डासांना लांब ठेवायला. खिडकीची जाळी ही ऊर्जाबचतीची वस्तू आहे हे कुठल्याही ऊर्जा लेखापरीक्षणात लिहिलेलं सहसा आढळत नाही. तिसरं कारण स्विचबोर्डाचं. तिघांच्या खोलीत शेवटी बाहेर पडणाऱ्याला वाटतं दुसरा आत येणार आहे. शिवाय लॅपटॉप चार्ज होत असतो. दाराजवळ एकच मुख्य स्विच असावा, तो फॅन आणि दिवे बंद करेल पण एक सॉकेट चालू ठेवेल. हॉटेलसारखी कार्डाची खाच बसवू नये. तिच्यात पहिल्या आठवड्यातच कुणाचं तरी जुनं ओळखपत्र कायमचं जाऊन बसतं. तसंच अभ्यासिकेत हालचाल ओळखणारे सेन्सर लावले की स्थिर बसून वाचणाऱ्याचा दिवा विझतो आणि तो दर दहा मिनिटांनी हात हलवत बसतो. ते सेन्सर जिन्यात आणि प्रसाधनगृहात शोभतात.

इतकं झाल्यावर मीटरचा विषय. खोलीगणिक मीटर लावण्याची गरज नाही. चार मजले आणि दोन विंग असतील तर आठ थ्री-फेज सब-मीटर पुरतात, अधिक एक सामाईक भारासाठी: पंप, लिफ्ट, जिना, पाणीतापकाचा हीटर. अडचण मीटरच्या किमतीत नसते, वायरिंगमध्ये असते. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या डीबीवरून, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पेटीवरून, पंप जोडलेला निघतो, आणि मुलांना त्यांनी न वापरलेल्या विजेचा जाब विचारला जातो. म्हणून आधी प्रत्येक एमसीबी बंद करून कुठे काय विझतं याची यादी करावी. सीटीवर, म्हणजे वायरभोवती बसवून प्रवाह मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरवर, चालणाऱ्या मीटरमध्ये एका फेजचा सीटी उलटा बसला तर दोन फेज पुढे आणि एक मागे मोजला जातो. भार समतोल असेल तर खऱ्या वापराच्या एक तृतीयांशच आकडा दिसतो. एखादी विंग अचानक फार गुणी वाटायला लागली, तर सत्कार करण्याआधी सीटी पाहावा.

मीटर बसल्यावर सर्वांत उपयोगी दोन रीडिंग म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी ११ आणि दुपारी ४ ची. या पाच तासांत खोल्या जवळजवळ रिकाम्या असतात, त्यामुळे फरक येतो तो विसरलेल्या वस्तूंचा. शंभरपैकी तीस खोल्यांत फॅन चालू राहिले तर ११ युनिट. हा एकच आकडा दर सोमवारी मजल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला तर जिन्यातल्या फलकापेक्षा जास्त बोलतो. एकूण वापर सांगायचा तर तो 'दर विद्यार्थी, दर दिवस' असाच सांगावा, नाहीतर निम्मा रिकामा मजला बक्षीस घेऊन जातो. आणि तुलना त्याच मजल्याच्या मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी व्हावी. एप्रिलमध्ये नागपूर किंवा जळगावात स्लॅबखालच्या खोल्यांची तळमजल्याशी तुलना करणं अन्याय आहे. तिथे आधी गच्चीला पांढरा लेप द्या.

मोजमाप दिसलं की वागणूक बदलते याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ओबर्लिन महाविद्यालयात २००५ मध्ये वसतिगृहांची दोन आठवड्यांची वीजबचत स्पर्धा झाली आणि वापर सरासरी ३२ टक्क्यांनी उतरला. ज्या वसतिगृहांना वापर त्या क्षणी आणि बारकाईने दिसत होता तिथे घट ५५ टक्के होती. ज्यांना फक्त आठवड्याचा ढोबळ आकडा मिळाला तिथे ३१ टक्के. तिथली वसतिगृहं आणि उपकरणं वेगळी, त्यामुळे ते टक्के इथे जसेच्या तसे मागू नयेत. शिवाय दोन आठवडे कुणीही अंधारात बसून दाखवेल. स्पर्धा वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये नव्या मुलांना आकडा वाचायला शिकवण्यापुरती ठीक. उरलेलं वर्ष सोमवारच्या रीडिंगवर चालावं.

आता पैशाचा प्रश्न. खोलीगणिक प्रत्येक युनिटचं बिल विद्यार्थ्याकडून घ्यावं, असा एक युक्तिवाद होतो. पुण्यातले पीजीवाले तेच करतात आणि वापर खरोखर कमी होतो. तरीही वसतिगृहात ते करू नये असं माझं मत आहे. समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहातला मुलगा दिव्याखाली वाचायचं की नाही याचा हिशेब करायला लागला, तर वसतिगृहाचा हेतूच गेला. आणि जुना ७५ वॉटचा फॅन संस्थेने लावायचा, त्याचं बिल विद्यार्थ्याने भरायचं, हा न्याय नव्हे. एसी आणि खोलीतला फ्रिज यांना मात्र स्वतंत्र मीटर लावून पूर्ण बिल घ्यावं. स्टार असलेले खोलीचे एसी २०२० पासून २४ अंशांवरच सुरू होतात. तिथून १८ वर आणणारं बोट विद्यार्थ्याचं असतं आणि दर अंशाला साधारण ६ टक्के जास्त वीज लागते.

दिवा, फॅन आणि लॅपटॉप यांसाठी दर माणशी एक वाजवी मर्यादा ठरवावी आणि मागच्या वर्षापेक्षा जितकी रक्कम वाचेल तिच्यातली निम्मी विद्यार्थ्यांच्या समितीकडे द्यावी: मेसमधला पदार्थ, अभ्यासिकेतल्या खुर्च्या, जाळ्या, त्यांना हवं ते. युनिटला १० रुपये धरले तर ते शंभर फॅन बदलण्यातूनच वर्षाला १ लाख ३९ हजार रुपये निघतात. खासगी संस्थेत हे विश्वस्तांच्या एका ठरावाने होईल. सरकारी वसतिगृहात अडतं, कारण बिल विभागाच्या अनुदानातून जातं, वाचलेली रक्कम गृहपालाला दुसऱ्या कामावर खर्च करता येत नाही आणि मार्चअखेर ती त्याच्या उपयोगाची राहत नाही. ज्याला वाचवून काही मिळत नाही त्या गृहपालाने टायमरसाठी तीन पत्रं का लिहावीत? इथे एक शासन निर्णय लागेल, आणि विद्यार्थी संघटनांनी जेवणाच्या दर्जासोबत ही मागणी लावून धरायला हरकत नाही.

विद्यार्थ्यांची जबाबदारी यातून सुटत नाही. रिकाम्या खोलीतला फॅन त्यांनीच बंद करायचा आहे, आणि सोमवारचं रीडिंग घेणारा स्वयंसेवकही त्यांच्यातूनच यायचा आहे. अभियांत्रिकीच्या किंवा आयटीआयच्या मुलांना तर डीबीची यादी करणं आणि सीटी तपासणं हे प्रात्यक्षिक म्हणून देता येईल. अर्थात सोबत परवानाधारक वायरमन आणि मुख्य स्विच बंद.

राहता राहिली खरेदी. वसतिगृहाचे फॅन निविदेने येतात आणि सर्वांत कमी दराची निविदा जिंकते. १,७०० रुपयांचा फॅन ३,००० रुपयांच्या फॅनला तिथे हरवतो. दहा वर्षांची वीज त्याच १० रुपये दराने धरली तर पहिला २३,१०० रुपये खातो आणि दुसरा ९,२००. सीलिंग फॅनला स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहायची गरज उरलेली नाही. तुलनेच्या तक्त्यात 'दहा वर्षांच्या विजेसह किंमत' असा एक रकाना वाढवायचा आणि सर्वांत कमी दर कोणाचा ते त्या रकान्यावरून ठरवायचं. भांडार अधिकारी लेखापरीक्षणाच्या भीतीने तो रकाना स्वतःहून वाढवणार नाही. प्राचार्यांनी किंवा कुलसचिवांनी निविदा निघण्याआधी लेखी सूचना दिली तर वाढवेल.